आत्याची पथरी

लघवीतून रक्त जायला लागलं तेव्हा माझ्या आत्याने दोष बीटाच्या कोशिंबिरीला दिला आणि बीट बंद केलं. रक्त थांबेना, पायांवर सूज आली, तेव्हा मी तिला गावातच, फ्रीगंजला, सोनोग्राफीला नेलं. तिथून आम्हाला इंदूरला पाठवलं. तिथले सर्जन म्हणाले, "माताजी, किडनी में कैन्सर है. गांठ नस के अंदर बढ़ते-बढ़ते दिल तक पहुँच गई है."

आत्या रिटायर्ड मास्तरीण. म्हणाली, "इतनी दूर गई और मुझे बताया तक नहीं?"

ऑपरेशन मोठं होतं. किडनी काढायची, आणि हृदयाचं काम मशीनकडे देऊन शिरेतली, हृदयातली गाठही काढायची. परत येताना आत्याने मला बजावलं, "कुणाला कॅन्सर सांगायचा नाही. लोक रडायला येतात आणि चहा आपण करायचा. पथरी आहे म्हण."

आमच्या माधव नगरात पथरी, म्हणजे मुतखडा, न झालेला माणूस शोधून सापडायचा नाही. कुणी कुळथाचं पाणी आणलं, कुणी पत्थरचट्ट्याची पानं. समोरचे रिटायर्ड बँकवाले भाईसाब तर स्वतःची पडलेली पथरी डबीत घालून दाखवायला आले. आत्याने चष्मा लावून ती नीट पाहिली आणि म्हणाली, "अच्छी है."

ऑपरेशनच्या सकाळी तिला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा मला रडू आवरेना. आत्याने माझा हात दाबला.

"पथरीला कोणी रडतं का गं?"

दिवसभर आम्ही बाहेर बसून होतो. गाठ पूर्ण निघाली. घरी आल्यावर भाईसाब पुन्हा आले. गळ्याखालून पोटापर्यंत गेलेले टाके पदराआडून दिसत होते. ते पाहून भाईसाब हबकलेच.

"बहनजी, पथरी के लिए इतना?"

"टेढ़ी थी," आत्या म्हणाली.

पुढे फुफ्फुसात बारीक ठिपके दिसले. आता रोजच्या गोळ्या चालू आहेत. त्यांच्यामुळे तळहाताची सालं निघतात, तोंडाची चव जाते, आणि चव गेल्याचा ठपका माझ्या पोह्यांवर येतो. गेल्या स्कॅनमध्ये ठिपके वाढलेले नव्हते. डॉक्टरांनी पुढच्या स्कॅनची तारीख दिली तेव्हा आत्याने पर्समधून कॅलेंडर काढलं.

"उस हफ्ते तो दो शादियाँ हैं," ती त्यांना म्हणाली. "आगे-पीछे कर लो."