माई भागोच्या गावची जयमाला

नांदेडची जयमाला योकोहामात माशांवर संशोधन करी. दोन हजार अकरा सालच्या भूकंपानंतर आठवड्याभरात ती आपले मासे मोरी-सान या ज्येष्ठ सहकारी बाईंच्या गळ्यात घालून घरी पळाली. पळालीच, दुसरा शब्द नाही. पावसाळ्यात परतली ती मिठाईचा डबा घेऊन, जणू सहलीहून आली! बाहेरगावाहून येताना सहकाऱ्यांना खाऊ आणायचा, ही जपानची रीत ना. सगळ्यांनी वाकून आभार मानले. पळण्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, आणि तेच तिला खात राहिलं.

एकदा जेवताना मोरी-साननी विचारलं, "तुझ्या गावात कोण मोठं होऊन गेलं?"

जयमाला उत्साहाने सांगू लागली. "माई भागो. शिखांची लढवय्यी बाई, पुढे आमच्या नांदेडात राहिली. गुरू गोविंदसिंग वेढ्यात अडकले असताना चाळीस जण त्यांना सोडून घरी..." तिची जीभ अडखळली.

"मग?"

"मग माईने त्यांना चांगलं झाडलं. बांगड्या भरा म्हणाली, आणि स्वतः घोड्यावर बसून त्यांना रणात परत नेलं." जयमालाने घास खाली ठेवला. "मोरी-सान, मीही पळाले. मला माफ करा."

मोरी-सान म्हणाल्या, "वीज गेली की मी सायकलच्या पंपाने टाक्यांत हवा भरत बसायचे. तरी तुझे मासे मेले." मग त्यांनी विचारलं, "त्या चाळिसांना गुरूंनी क्षमा केली?"

"केली. पण ते लढता लढता मेले."

"तेवढं नको. शनिवारी टाक्या घासायला ये."

जयमाला गेली. घासून घासून बोटं सोलली, पण मन काही हलकं झालं नाही.