आत्याच्या बरण्या

आमच्या आत्याने उभा जन्म एका हॉटेलात खोल्या आवरण्यात घालवला, आणि आमच्या घरी आली की आमची झाडाझडती घ्यायची. धूळ वरून खाली पुसायची, फरशी सगळ्यात शेवटी. कपाट आवरताना आधी नको ते काढून टाकायचं, डबे मागाहून आणायचे. उलटं केलं की नुसता डब्यांचाच पसारा. रोजचं सामान कमरेपासून खांद्यापर्यंत, जड असेल ते खाली. "वाकावं लागलं की माणूस टाळतं, आणि टाळलं की घाण साठते," असं ती बजावायची. तिची पाठ वळली की आम्ही तिची नक्कल करायचो. पण तिच्या घरात कात्री कधी कुणी शोधली नाही, आणि आमच्या आईची अर्धी सकाळ अजूनही कात्री शोधण्यात जाते.

मग आत्याचे डोळे गेले. हळूहळू गेले, पण गेलेच. आता तिला उजेड आणि सावली एवढंच कळतं. तिने रडारड केली नाही, घर हाताला लावून घेतलं. साखरेच्या बरणीला एक रबर, मिठाच्या बरणीला दोन. कपाटाचं दार एकतर पूर्ण उघडं नाहीतर पूर्ण बंद, कारण अर्धवट दार थेट कपाळावर बसतं. एकटी राहायची आणि मजेत राहायची.

हे तिच्या मुलाला, म्हणजे आमच्या दादाला, पटेना. त्याने आपल्या घरी तिच्यासाठी खोली तयार केली होती. खोली छानच होती, पण तिथे आत्याने नुसतं बसायचं होतं, आणि नुसतं बसणं ही तिच्यासाठी शिक्षा. बरीच वादावादी झाली. शेवटी दादा म्हणाला, "रविवारी आम्हा सगळ्यांचं जेवण एकटीने करून दाखव. नाही जमलं तर सामान बांधायचं."

"या जेवायला," आत्या म्हणाली.

शनिवारी ती आमच्याकडे मुक्कामाला होती. तेवढ्यात वहिनीने, दादाच्या बायकोने, तिचं स्वयंपाकघर लख्ख घासून काढलं. वहिनीचा सासूवर फार जीव, त्यामुळे ती तेवढ्यावर थांबली नाही. जुन्या बरण्या काढून एकसारख्या नव्या काचेच्या बरण्या मांडल्या, सगळं सामान त्यांत ओतलं, आणि वळणदार अक्षरात लेबलं लावली. कळकट रबरं कचऱ्यात! डोळ्यांनी दिसत नाही अशा बाईसाठी लेबलं! प्रेमाच्या भरात माणसाची अक्कल कुठे गहाण पडते कोण जाणे.

रविवारी सकाळी आम्ही सगळे तिच्या घरी जमलो. आत्याने फळीवर हात ठेवला आणि तो तिथेच थबकला. या बरणीवरून त्या बरणीवर फिरला. तिचा चेहरा उतरला. आत्याला घाबरलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

"राहू दे आई, मी बाहेरून मागवतो," दादा म्हणाला. त्याला हायसं वाटल्याचं आवाजातून इतकं कळत होतं की माझं डोकंच फिरलं.

वहिनी कावरीबावरी झाली. "आई, चुकलंच माझं. कशात काय आहे ते मी सांगते ना."

"तू काही सांगायचं नाहीस. बरण्या तेवढ्या खाली दे."

आत्याने जमिनीवर फतकल मारली. एकेक बरणी कानाशी धरून हलवली. साखर खुळखुळली, मीठ दमट गोळ्यासारखं आपटलं. पिठावर बोट टेकवलं, मसाल्याचा वास घेतला. एकही बरणी तिला फसवू शकली नाही.

"रबरं?"

"कचऱ्यात गेली," वहिनी पुटपुटली.

आत्याने आपल्या वेणीचं रबर ओढून साखरेला चढवलं आणि हात पुढे केला. वहिनीने आपलं काढून दिलं, मी माझं दिलं. ती दोन मिठाला गेली. "चहाला नको, त्याला वास आहे," असं म्हणत ती उठली आणि चुलीकडे वळली.

पुढचा तासभर मोकळ्या केसांची आत्या स्वयंपाकघरात राज्य करत होती. दादा दोनदा पातेल्याकडे धावला. "उकळतंय ते मला ऐकू येतं, हात मागे घे!" असं तिने दोनदा सुनावलं. भात मोकळा झाला, भाजी नेमकी शिजली. मीठ कमी नाही की जास्त नाही. मला इतका आनंद झाला होता की जेवायला बसून मी नुसती तिच्याकडे बघत राहिले.

दादाने भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली आणि म्हणाला, "आई, राहा तू इथेच."

"तुला विचारलं होतं का मी?" आत्या म्हणाली. "ताट पुढे कर."

दादाने मुकाट्याने ताट पुढे केलं. तिने डाव्या हाताने ताटाची कड चाचपली आणि भातवाढीभर भात बरोबर मधोमध वाढला.