रिफ्रेन आणि तोंडातली मिसरी

“आक्का, या फळ्यावर आजपासून भजनाच्या वेळा लिवायच्या. तुमचं इंग्रजी कुणाला कळायलंय?”

माझी धाकटी जाऊ कौसा ओलं फडकं घेऊन पुढ्यात उभी, आणि मी हातात खडू धरून फळ्याला पाठ लावून उभी. त्या दुपारचं सांगायला अजून जीभ रेटत नाही. पण दुसऱ्या कुणाकडून मीठमसाला लावून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका.

ताडकळसला आमच्या बचत गटाच्या खोलीबाहेर, नव्यानं रंगवलेल्या भिंतीवर हा फळा आहे. मी शाळेची पायरी चढले नाही. नातवंडांच्या पुस्तकांवरून इंग्रजी शिकले, आणि रोज एक शब्द लिहून बायकांना समजावते. कुणी ऐको न ऐको. त्या दिवशीचा शब्द रिफ्रेन. सकाळीच बजावलं होतं, “दुसऱ्यानं आपल्याला धरून ठेवलं तर ते रिस्ट्रेन. कुणी धरलेलं नसताना आपणच आपल्याला आवरलं तर ते रिफ्रेन. उदाहरणार्थ, या भिंतीवर थुंकायचं नाही. जी थुंकेल ती आपल्या हातानं धुईल.”

आता भांडणाच्या वेळी माझ्या तोंडात होती मिसरी. जेवणानंतर भाजक्या तंबाखूची ती भुकटी दाताला लावल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि लावली की हनुवटी वर करून गप्प बसावं लागतं. कौसाला हे लग्न होऊन आली तेव्हापासून ठाऊक.

“बोला की,” ती म्हणाली.

“उंऽऽ,” मी.

“बगा गं बायांनो. लय शिकल्याल्या आमच्या आक्का, आन एक जवाब निघंना.”

बायका फिदीफिदी हसल्या. माझं डोकं सणकलं. असा झणझणीत जवाब तयार होता म्हणता, पण त्याच्यावर मिसरी बसलेली. नाली चार पावलांवर होती. तेवढा धीर कुणाला होता? मी मान वळवली आणि पिचकारी मारली.

तोंड मोकळं झालं, पण बोलायला काही उरलं नाही. रिफ्रेनच्या बरोबर खाली, पांढऱ्या भिंतीवरून काळा ओघळ सावकाश उतरायला लागला होता.

कौसानं भिंतीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. “आक्का, याला इंग्रजीत काय म्हंत्यात?”

चार बायकांत पहिल्यांदाच माझी मान खाली गेली.

“कौसे,” मी म्हणाले, “खडू तू घे, आन ते फडकं मला दे.”