वडिलांच्या आवाजासाठी अ‍ॅम्प्लिफायर

माझे वडील भीमगीतांच्या पार्टीत गायचे. आता गात नाहीत आणि बोलतही नाहीत. घशाच्या कॅन्सरमुळे डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. पार्टीतले सगळे जण गालात तंबाखू धरून गायचे. तंबाखूने गळा मोकळा होतो, असं त्यांचं ठाम मत होतं. त्या मताचा मला आजही संताप येतो.

त्यांचा आवाज उरला तो एका कॅसेटवर. आमच्या घरच्या जुन्या टेपवर तो रांजणातून आल्यासारखा यायचा. घरात पुन्हा वडिलांचा आवाज हवा, तोही धड, एवढंच माझ्या डोक्यात होतं. हिंगोलीत एक जण पुण्या-मुंबईहून वापरलेली भारी यंत्रं आणून विकतो. आमच्या कनेरगाव नाका गावाहून वडिलांना घेऊन मी त्याच्याकडे गेलो.

प्रीअ‍ॅम्प्लिफायर बारीक आवाज सांभाळून पुढे देतो आणि पॉवर अ‍ॅम्प्लिफायर त्याला दम देतो. दोन्ही उत्तम घ्यायची माझी ऐपत नव्हती. म्हणून दोन जोड्या समोर होत्या. एकीत प्री अव्वल, पॉवर बेताचा. दुसरीत पॉवर दणदणीत, प्री साधा.

"पयली जोडी घ्या," दुकानदार म्हणाला. "दुसरीत आवाज मोठा हाय, पन बारीकसारीक सगळं गिळून टाकते ती."

पहिलीवर कॅसेट लावली आणि माझ्या अंगावर काटा आला. पेटीच्या भात्याचा श्वासही ऐकू येत होता. मग दुसऱ्या कडव्यात, वरच्या पट्टीच्या आधी, तोंड फिरवून दाबलेला खोकला आला. त्यानंतरचा सूर किंचित फाटलेला होता. इतक्या वर्षांत आम्ही तो खोकला कधी ऐकला नव्हता.

वडिलांनी हात वर करून तेवढाच भाग पुन्हा लावायला सांगितला. मग दुसरी जोडी ऐकली. तिच्यावर खोकला ढोलकीत बुडून गेला. त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं.

मी चिडलो. "काहून? खरा आवाज तर पयलीत हाय तुमचा."

त्यांनी तोंड फिरवून मुठीत खोकल्याची खूण केली आणि बोट गळ्यावर नेलं. मग माझ्या लक्षात आलं.

"गळ्याचं दुखणं तवाच ठावं होतं तुमाला?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली. मग डोक्यावरून पदर घेतल्याची खूण केली. ही आमच्याकडे आईची खूण. मग कानाला हात लावून तो नकारार्थी हलवला.

दुकानदाराला वाटलं, गिऱ्हाईक अडाणी आहे. मी दुसरी जोडी बांधून घेतली.

आता आई दुपारची कामं उरकली की ते गाणं लावते.

"बघा, कसा खणखणीत गळा व्हता," ती वडिलांना म्हणते. "तवा कायबी झालं नव्हतं तुमाला."

वडील मान हलवतात.