कणगीतले अडकित्ते

आमच्या घरात सुपारी कुणीच खात नसे. सासूबाईंना दात नव्हते, नणंदेला आवड नव्हती, मला सवय नव्हती आणि ह्यांना तर सुपारीचं खांड तोंडात टाकलं की उचकी लागायची. तरी घरात पस्तीस-चाळीस अडकित्ते होते. हे ऐकलं की लोक हसतात. हसू देत बापडे. त्या घरात नांदायचं होतं मला, तेव्हा मला काही हसू येत नव्हतं.

लग्न होऊन मी मानवतला आले ती नामांतराच्या चळवळीची वर्षं. हे कापसाच्या आडतीवर दिवाणजी होते. गावोगावचे शेतकरी माल घेऊन यायचे, निवांत बसून कमरेची पान-सुपारीची चंची सोडायचे आणि त्यातून एखादा जुना, घडणीचा अडकित्ता निघाला की ह्यांचा हिशोब चुकलाच म्हणून समजा. त्या माणसाला बाजारातला नवा कोरा अडकित्ता आणून द्यायचा आणि जुना आपण ठेवून घ्यायचा, हा ह्यांचा धंदा. समोरच्याला वाटायचं, दिवाणजी वेडा आहे. मला त्यावर वेगळं काही म्हणायचं नव्हतं. घोड्याचा, मोराचा, घुंगरं लावलेला, असे हरतऱ्हेचे अडकित्ते जमले. एकावर तर नवरा-बायको गळ्यात गळा घालून बसले होते. तो सासूबाईंनी पाहिल्याबरोबर पदराखाली झाकला. पण ह्यांचा जीव की प्राण म्हणजे पालमच्या बाजारातून आणलेला पितळी पोपट. माझ्या पैंजणांचा घाट कसा होता हे ह्यांना आज विचारा, सांगता येणार नाही. पोपटाच्या चोचीला किती बाक होता ते मात्र हवेत बोटानं काढून दाखवतील.

अडकित्त्याचं वरचं काम पितळेचं असलं तरी पातं लोखंडाचं. पावसाळा आला की त्याला गंज चढायचा आणि ह्यांना जेवण जायचं नाही. शेवटी ह्यांनी स्वतःच एक उपाय काढला. एरंडेलात मेण विरघळवायचं, ते पात्यांना चांगलं जाड लावायचं, आडतीवरून फुकट आणलेल्या कापसात अडकित्ता गुंडाळायचा आणि ज्वारीच्या कणगीत खोल पुरून ठेवायचा. ज्वारी ओल ओढून घेते, असा ह्यांचा सिद्धांत. शेणामातीनं सारवलेली ती माणसाएवढी कणगी माजघरात होती. मी भाकरीसाठी ज्वारी काढायला गेले की पायलीला काहीतरी टणक लागायचं आणि बाहेरून आवाज यायचा, "हळू! घोडा हाय तिथं!"

सासूबाईंची अट वेगळीच होती. रिकामा अडकित्ता वाजला की घरात भांडण होतं, असं आमच्याकडे मानतात. इतके अडकित्ते घरात ठेवायचे तर प्रत्येकाचं तोंड दोऱ्यानं करकचून बांधलेलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट. त्या स्वतः गाठी मारायच्या, गाठीवर गाठ.

आणि भांडणं तर रोज व्हायची. हे आणि माझी धाकटी नणंद. तेल-मेणाचं सगळं काम तिच्या गळ्यात पडलेलं. हे ओरडायचे की एरंडेल जास्त झालं. ती फणकाऱ्यानं म्हणायची, "दादा, तुझ्या अडकित्त्यायचं बाळंतपन मी करायलेय, वरून मलाच बोलतूस?" असं तासभर चालायचं. मग दोघं एकाच ताटात शेंगा घेऊन फोडत बसायची.

घरात रोजच्या वापरातला एक साधा अडकित्ता होता, आल्यागेल्यासाठी. एक दिवस ह्यांना त्याच्या मुठीवर वेलबुट्टी दिसली. तोही गेला कणगीत. तेव्हापासून पाहुण्यांना आम्ही खलबत्त्यात कुटलेली सुपारी द्यायला लागलो.

नणंदेचं लग्न काही जमत नव्हतं. एकाला ती उंच वाटली, दुसऱ्याला शिकलेली वाटली. झरीच्या स्थळाला मात्र ती पसंत पडली आणि तिलाही मुलगा मनापासून आवडला होता. आडावर पाणी शेंदताना मला म्हणाली, "वैनी, हे बी मोडलं तर पुन्हा मला कुनापुढं पाटावर बसवू नका. मी न्हाई बसायची." हसत नव्हती. आता उरली होती फक्त सुपारी फोडायची बैठक. सुपारी फुटली की लग्न पक्कं. पण एकदा बंद पुकारला म्हणून एसटी निघाली नाही, पुन्हा ठरवली तर पुन्हा तेच. तिकडे लोक कुजबुजायला लागले की शकुन काही चांगला दिसत नाही. आमचा जीव टांगणीला लागला.

एकदाचे पाहुणे आले. मुलाचे चुलते, चुलती आणि चार माणसं. सतरंजीवर ताट मांडलं, नणंद पाटावर मान खाली घालून बसली. चुलत्यांनी ताटात सुपारी ठेवली आणि म्हणाले, "आना अडकित्ता."

सुपारी मुलाकडची आणि अडकित्ता मुलीच्या घरचा, अशी रीत. आमच्या तोंडचं पाणी पळालं. मी धावत जाऊन खलबत्ता आणला. चुलती म्हणाली, "सुपारी कुटतेत का कुठं, बाई? फोडतेत."

मग हे उठले. नवा टेरिकॉटचा सदरा घातलेला, तसाच खांद्यापर्यंत हात कणगीत घातला. पहिलं गाठोडं निघालं. एरंडेल आणि मेण सुकून खळीसारखं झालेलं, त्यात कापूस घट्ट बसलेला आणि कापसाला ज्वारी चिकटलेली. सासूबाईंच्या गाठी नखांनी सुटेनात. कशाबशा सोडल्या तर पाती एकमेकांना चिकटून बसलेली. दुसरं काढलं, तिसरं काढलं. सतरंजीवर पांढऱ्या दाढ्या फुटलेल्या अडकित्त्यांचा ढीग झाला आणि एकाचंही तोंड उघडेना.

चुलतीनं ढिगाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. "येवढे अडकित्ते! आन् तोंडं बांधून ठिवलेले! ह्या घरात लय भांडनं होत असतील वो?"

सासूबाईंनी लेकाकडे असं बघितलं की मलाच ह्यांची कीव आली. चुलते पटक्याचा शेमला सारखा करायला लागले. गेलं हेही स्थळ.

तेवढ्यात नणंद पाटावरून उठली. पदर खोचला आणि ह्यांच्या हातातला पोपट ओढून घेतला. "तुला म्हनलं होतं दादा, मेन कमी घालू दे!"

"एरंडेल कुनी ओतलं बदाबदा?"

"तूच आनून दिलं की!"

"सगळं एकदम ओतायला आनलं होतं का?"

भर बैठकीत जुंपली. तशीच भांडत ती चुलीशी गेली. चहाचं आधण उकळत होतं, त्यात तिनं पोपट सोडला. "अगं, रंग जाईल त्याचा!" म्हणत हे मागं धावले. मेण पाण्यावर तरंगलं, कापूस सुटला आणि पोपटानं चोच उघडली. तिनं तो फडक्यानं खसाखसा पुसला, कारण एरंडेल लागलेली सुपारी खाऊन माणसं एसटीत बसली तर काय होईल हे घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं, आणि चुलत्यांपुढे ठेवला. मग तिच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. ती उभीच राहिली.

चुलतीनं विचारलं, "रोजच भांडता का गं असं?"

"हां. रोज."

"मंग अबोला धरता का?"

"अबोला धरल्यावर भांडावं कसं, काकू?"

चुलती आमच्याकडे वळून म्हणाली, "आमच्यात दोघं भाऊ एका बांधापायी बोलत न्हाईत. एका पंगतीला बसतेत आन् मीठ मागायचं तरी मला मधी घालतेत." चुलते जमिनीकडे बघत होते. "आवो, बसलात काय? फोडा सुपारी."

सुपारी पहिल्याच झटक्यात फुटली. मी आधणाचं पाणी ओतून दिलं आणि नव्यानं चहा टाकला. सासूबाई खात्री करायला चुलीशी उभ्याच राहिल्या.

दिवे लागायच्या सुमारास पाहुणे एसटीनं गेले. हे माजघरात बसून पोपटाच्या पंखातलं मेण काडीनं काढत होते. नणंद आतल्या खोलीत होती, नवं लुगडंही तिनं बदललं नव्हतं. जरा वेळानं हे आतल्या दाराकडे तोंड करून ओरडले, "मेनाचा डबा उघडा कुनी टाकला?"

डबा बंद होता. मला दिसत होता.

मी म्हटलं, "तिला बसू द्या आज. भांडायचंच असंल तर मी हाय की."

ह्यांनी मान हलवली. "तुझ्याशी न्हाई. तू जिंकायला भांडतीस."

आणि पुन्हा दाराकडे बघून ओरडले, "कुनी टाकला म्हन्तो मी!" पण या खेपेला आवाज मधेच बसला.