अठ्ठेचाळीस चौकोन

मालवणात मी ड्रॉइंग मास्तर होतो तेव्हाची गोष्ट. शाळेमागे एक विधवा राहायची. तिचा एकुलता एक मुलगा गलबतावर होता. ते गलबत बुडालं. दोघे पोहून किनाऱ्याला लागले, हिचा मुलगा लागला नाही, त्याचा देहही सापडला नाही. भटजींनी सांगितलं, दर्भाचा पुतळा करून त्यालाच अग्नी द्यावा लागेल. दिवस ठरला आणि ती माझ्याकडे आली. पदराच्या गाठीत पोस्टाच्या तिकिटाएवढा फोटो होता, त्याचा तेवढा एकच. तो मोठा काढून द्या, पुतळ्याशेजारी ठेवायचा आहे, म्हणाली.

"गवताक तोंड नसता, मास्तरांनू. माका तेचा तोंड होया."

मोठं चित्र काढायची रीत मी मुलांना दरवर्षी शिकवत असे. फोटोवर पातळ तेलकागद ठेवायचा, त्यावर चौकोन आखायचे, कोऱ्या कागदावर तितकेच, पण मोठे चौकोन आखायचे आणि एकेक चौकोन उतरवत जायचं. चेहरा बघू नका, चौकोन बघा, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगायचो. त्या आठवड्यात तेलकागद संपला होता. सावंतवाडीहून आणता आला असता, पण कंटाळा केला. फोटो गुळगुळीत, पेन्सिल उमटेना. मग टाक शाईत बुडवला आणि सरळ फोटोवरच रेघा मारल्या. आडवे सहा, उभे आठ चौकोन. ओल्या कापसानं नंतर पुसू, असं मनाशी म्हटलं.

चित्र उत्तम उतरलं, खोटं कशाला बोलू. चौथ्या ओळीत डोळे आले तेव्हा मी स्वतःवरच खूश होतो. मग कापूस ओला करून फोटोवर फिरवला. रेघा फिकट झाल्या, पण त्यांच्याबरोबर उजवा डोळाही गेला. तिथे खरखरीत पांढरा ठिपका राहिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी घाबरलो. टोकदार पेन्सिलीनं डोळा काढून पाहिला, तो आणखी बिघडला, तोही पुसून टाकला.

विधीच्या सकाळी चित्र घेऊन गेलो. अंगणात पाटावर दर्भाचा पुतळा निजवला होता. लोक म्हणाले, अगदी तोच, आता बोलेल. तिनं चित्राकडे क्षणभर पाहिलं आणि माझ्यापुढे हात केला.

"हो मोठो आसा. माजो ल्हान खंय?"

मी फोटो दिला. तिनं तो उन्हात धरला. डोळा कुठे गेला, असं तिनं विचारलं. मागे भटजी थांबले होते, सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, फोटो जुना आहे, हाताळून हाताळून आधीच गेला असणार. रेघांबद्दल तिनं विचारलंच नाही.

ती बराच वेळ आपल्या बोटांकडे पाहत राहिली.

"माज्याच बोटांनी गेलो आसतलो. रोज तोंडावरून हात फिरवी होतंय मां."

मी चित्र पुतळ्याशेजारी टेकवून ठेवलं. नंतर शाळेच्या खिडकीतून ती रोज दिसायची, अनेक वर्षं. पायरीवर बसून फोटो बघायची, पण आता दोन बोटांनी नुसता कडेला धरून. त्याच्या तोंडाला तिनं पुन्हा कधी हात लावला नाही.