नावाने हाक मारण्याचा प्रश्न

कादंबरीकारावर त्याच्या कल्पनेबद्दल फिर्याद करता येत नाही, हे मला वकिलीची सनद मिळाल्यापासून ठाऊक आहे. तरीही त्या वर्षी मी तशा फिर्यादीचा मसुदा मनातल्या मनात कितीदा तरी रचला आणि खोडला.

ती कादंबरी घरात आणली सुनेने. ती आणि मुलगा दोघेही हिंजवडीच्या सॉफ्टवेअर कंपनीत. सकाळी कंपनीच्या बसने जात, ते आमची जेवणे झाल्यावर परतत. पत्नीची मूत्रपिंडे निकामी झाली होती. डायलिसिसला मी तिला कोथरूडहून रिक्षाने नेत असे. यंत्राला जोडलेल्या अवस्थेत वेळ जावा म्हणून सुनेने पुस्तक दिले. सद्हेतूने केलेल्या कृत्याला कायदाही संरक्षण देतो, ही माझी पहिली अडचण.

पत्नी श्रद्धाळू आणि मी नास्तिक. दर चतुर्थीला ती कसबा पेठेत गणपतीच्या दर्शनाला जाई आणि मी देवळाबाहेर चपला राखत उभा राहत असे. परलोकाविषयीची तिची समजूत एखाद्या सरकारी कचेरीसारखी सरळ होती. ती आधी जाणार, कुंकवासह जाणार आणि तिथे माझी वाट पाहणार. "तुमचा विश्वास नसला तरी चालेल," ती म्हणे, "माझी तिथे ओळख आहे. घेतील आत." मी या वशिल्याची आयुष्यभर थट्टा केली आणि तिने ती आयुष्यभर चालवून घेतली.

त्या कादंबरीत मेलेल्यांचे एक गाव होते. तिथे पोचणारा माणूस सारे विसरलेला असतो. आधी आलेल्या कुणी नावाने हाक मारली, तरच आपण कोण हे त्याला आठवते. नाहीतर तो तसाच पुढे निघून जातो. शेवटी नायिका नवऱ्याला नावाने हाक मारते आणि तो थांबतो. सुनेला ते पान फार गोड वाटले होते. त्याच पानाने माझ्या पत्नीची झोप उडवली.

परतताना रिक्षात ती म्हणाली, "अहो, मी तुमचं नाव कधी घेतलंच नाही."

लग्नात उखाण्यात घेतले होतेस, तेही साक्षीदारांसमक्ष, असे मी तिच्या निदर्शनास आणले.

"ते पाठ केलेलं होतं. ती काही हाक नव्हे."

सुनेला ही अडचण कधीच येणार नव्हती. ती माझ्या मुलाला आमच्यादेखतसुद्धा नावाने पुकारते. पत्नीने त्याबद्दल पूर्वी नाक मुरडले होते. आता ती सुनेचे ते बोलणे कान देऊन ऐकू लागली. संध्याकाळी देवापाशी दिवा लावी, पण हात जोडायचे सोडून नुसती पाहत बसे. वाट पाहण्याचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

एका सायंकाळी मी पुस्तकाचे पहिले पान उघडून तिच्यापुढे धरले. यातील सर्व पात्रे, स्थळे व घटना काल्पनिक असल्याचे तिथे स्पष्ट छापले होते. हा लेखकाचा स्वतःचा कबुलीजबाब आहे, मी म्हणालो. यापुढे पुराव्याची गरजच उरत नाही.

तिने चष्मा लावून ती ओळ वाचली. मग म्हणाली, "असं आपल्या पोथीत छापलेलं नाही. म्हणून ती खरी का?"

चाळीस वर्षे मी तिला हेच विचारत आलो होतो.

"तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "आपण भेटू का?"

"भेटू," मी म्हणालो.

"शपथेवर सांगाल?"

मी पुस्तक मिटले. ती हसली आणि मला चहा ठेवायला सांगितला.

मी लेखकाला प्रकाशकामार्फत पत्र लिहिले. आपण वर्णिलेल्या गावाची आपणांस प्रत्यक्ष माहिती आहे काय. नसल्यास, ज्या स्त्रियांनी रूढीप्रमाणे पतीचे नाव उच्चारलेले नाही त्यांची व्यवस्था काय, याचा खुलासा पुढील आवृत्तीत करावा. महापालिकेकडून मला असल्या पत्रांना उत्तर येत नाही, लेखकाचे आले. सभ्य माणूस होता. हा मुद्दा आपल्याला सुचलाच नव्हता, असे त्याने लिहिले होते आणि क्षमा मागितली होती. मला उद्धट उत्तर हवे होते. ज्या प्रश्नापायी एक आजारी बाई रात्र रात्र जागी राहत होती, तो या गृहस्थाला सुचलाही नव्हता. पत्नीने पत्र ऐकून घेतले. "म्हणजे त्यालाही माहीत नाही," ती म्हणाली.

तिला उठवेनासे झाले, तेव्हा एका दुपारी मी खोलीचे दार लावून तिच्याजवळ बसलो. देव, परलोक, ते गाव यांतले काहीही न मानणारा मी तिला म्हणालो, "एकदा घे नाव. कुणी ऐकत नाही."

तिने दाराकडे पाहिले. ओठ हलल्यासारखे वाटले. मी पुढे वाकलो.

"नाही हो जमत," ती म्हणाली. "आणि तिथे 'अहो' म्हणून हाक मारली, तर निम्मं पुणं वळून बघेल."

"त्यांत मीही असेन."

"तुम्हाला काही आठवत नसेल ना पण."

मी उठून दार उघडले. ती गेली त्या सकाळी "अहो, पडदा सरकवा" एवढेच म्हणाली होती. मी पडदा सरकवला.

माझी मते बदललेली नाहीत. लेखकाला मी आणखी दोन पत्रे लिहिली. ती टाकली मात्र नाहीत. त्याच्याकडे मागायचे तरी काय, हे मला कलमवार मांडता आले नाही. 'अहो' अशी हाक हल्ली फारशी ऐकू येत नाही. मुली नावानेच हाक मारतात. पण कधी स्वारगेटला बसच्या रांगेत मागून एखादी बाई "अहो" म्हणते आणि आम्ही दोघेतिघे म्हातारे एकदम वळतो. ज्याची हाक असते तो जातो. बाकीचे पुन्हा तोंड फिरवून बस येते का ते पाहू लागतात.